गॅलरीतून आत्या बोलतेय

रेडिओ केंद्र काढावं असं माझ्या मनात मुळीच नव्हतं. आपलं एखादं वाक्य कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं वाक्य सुरू करायचं, तर "अहो, आधी पाय धुवा" म्हणून बायको ते कर्त्यापाशीच तोडते. क्रियापदापर्यंत पोचण्याचं भाग्य मला लग्नानंतर फारसं लाभलेलं नाही.

तशात गल्लीची सभा भरली. विषय कचऱ्याचे डबे हा होता. सगळे एकदम बोलत होते. मीही उठलो आणि ओरडलो, "आपल्या प्रत्येकाला काहीतरी म्हणायचंय, पण ते म्हणायला जागा कुठाय? या गल्लीला स्वतःचा आवाज हवा!"

नेमक्या त्याच क्षणी सगळे श्वास घ्यायला थांबले होते, त्यामुळे हे वाक्य अख्ख्या सभेला ऐकू गेलं. मग टाळ्या. समोरच्या घरातले दंतवैद्य उठून म्हणाले, "वा! म्हणजे रेडिओ! गल्लीचं स्वतःचं रेडिओ केंद्र!"

मी अलंकारिक बोललो होतो. पण सभेत अलंकारिक बोलू नये, लोक ते लगेच बांधकामाला घेतात. पाच मिनिटांत मी संचालक झालो होतो आणि कचऱ्याचे डबे होते तिथेच राहिले.

आता सांगायला हरकत नाही, घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. संचालक! बायकोनं दार उघडलं तेव्हा मी तिला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, "आधी पाय धुवा."

परवान्यासाठी मी रजा काढून कचेरीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांना आम्ही पुढे परवाना-साहेब म्हणायला लागलो. त्यांनी माझा अर्ज उलटा धरून बराच वेळ वाचला.

"केंद्राचा उद्देश?"

"लोकांना बोलता यावं."

"लोक बोलतायतच की. त्याला परवाना कशाला?"

"रेडिओवर बोलता यावं, साहेब."

"म्हणजे इथं बोलणार आणि तिकडं ऐकू जाणार?"

"हो."

"ज्यांना ऐकू जाणार, त्यांची हरकत नसल्याचं पत्र आणलंय?"

ते आणायला मी घरोघर फिरलो. लोकांनी संमती दिली, पण सल्ल्यासकट. गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, केंद्राचा सूर मंद्र सप्तकात ठेवा. वायरमन म्हणाला, आधी अर्थिंग बघा, स्वातंत्र्य मग. दंतवैद्यांनी मला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि मग केंद्राच्या धोरणाविषयी माझं मत विचारलं. मी "आ" एवढंच म्हणू शकलो. ते त्यांनी होकार समजून आठवड्यातून एकदा 'दात आणि आपण' हा कार्यक्रम स्वतःकडे घेतला.

शेवटी तात्पुरता परवाना मिळाला. काही आठवडे केंद्र चालवून दाखवायचं, मग परवाना-साहेब स्वतः येऊन पाहणी करणार आणि कायमचा परवाना द्यायचा की नाही ते ठरवणार.

स्टुडिओसाठी सगळ्यात शांत खोली शोधायची होती. वायरमन गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन कान टवकारून आला आणि आमच्या झोपायच्या खोलीत थांबला. आमचं घर गल्लीच्या टोकाला, पुढं नुसता कालवा. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून त्यानं आमच्या गाद्या उभ्या करून ठोकल्या, वर रजया टांगल्या, खिडकीत उशा कोंबल्या आणि अंगणाकडच्या दाराला काच बसवली. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात सतरंजीवर पडलो. बायको म्हणाली, "बोलायचं स्वातंत्र्य मिळालं हो गल्लीला. झोपायच्या स्वातंत्र्याचं काय?" थोर कार्यात काही प्रश्न अनुत्तरितच ठेवावे लागतात.

अँटेना दंतवैद्यांच्या गच्चीवर चढली. चाचणी घेतली, तर गल्लीतल्या प्रत्येक रेडिओतून दात कोरायच्या यंत्राची घर्रर्र आणि पाठोपाठ एका माणसाचं "आई गं!" ऐकू आलं. दंतवैद्यांचे दोन रोगी तिथल्या तिथे बरे होऊन घरी गेले. वायरमननं तारा बदलल्या, तरी ती घर्रर्र मधूनमधून येतच राहिली.

उद्घाटनाच्या दिवशी माझा उत्साह विचारू नका. मी नवा शर्ट घातला होता. रेडिओवर शर्ट दिसत नाही, असं बायको म्हणाली. पण आवाजात तो येतो, असं माझं मत आहे. लाल दिवा लागला. 'अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य : एक चिंतन' हे भाषण मी तळमळून केलं. टाळ्यांसाठी मधे दोनदा थांबलोही. भाषण संपवून घाम पुसत बाहेर आलो, तर वायरमन खाली मान घालून उभा.

"साहेब, 'नमस्कार' गेलं."

"आणि पुढचं?"

"पुढं फ्यूज गेला. आत्ताच घातला. आता चालू आहे सगळं."

मी पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात आत्या स्टुडिओत शिरली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडेच राहते. तिचा दिवस गॅलरीत जातो. कुणाच्या घरी काय चाललंय हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. तिला थंडी वाजत होती आणि तिची रजई भिंतीवर टांगलेली होती. ती खिळ्यावरून ओढता ओढता आत्या नेहमीसारखी स्वतःशी बडबडत होती. समोर माइक उघडा होता.

"…रजया भिंतींना घालतायत आणि माणसं कुडकुडतायत. म्हणे सगळ्यांनी बोला! बोलून काय होतंय? कालव्यावरचा तो पूल बघा. पत्रे ठोकून बंद केलाय दुरुस्तीला. दुरुस्ती! मी रोज बघते गॅलरीतून. एक माणूस फिरकत नाही तिकडं. आज एक मांजर दिसलं. ते काम करत होतं, पण स्वतःचं."

फोन खणखणला. मग पुन्हा. मग थांबेचना. मला वाटलं माझ्या 'नमस्कार'बद्दल असेल. पहिल्यानं विचारलं, "त्या बाई परत कधी बोलणार?" दुसऱ्यानंही तेच विचारलं. तिसऱ्या फोनवर नुसता हसण्याचा आवाज होता.

तो पूल म्हणजे आमच्या गल्लीचा घसा होता असं समजा. पायी जायचा छोटासा पूल, पण दवाखाना, बाजार, शाळा सगळं पलीकडे. तो बंद झाल्यापासून लोकांना मोठा वळसा घालून जावं लागे. सगळे मनातल्या मनात चरफडत होते. आत्यानं ते तोंडानं म्हटलं, एवढाच फरक. पण काय फरक पडला!

दुसऱ्या दिवसापासून 'गॅलरीतून' सुरू झालं. रोज संध्याकाळी आत्या माइकसमोर बसायची आणि सांगायची, "नमस्कार. गॅलरीतून आत्या बोलतेय." गल्लीत कुणाचे कपडे वाळले नाहीत, कुणाची सायकल कुणाच्या दारात आहे, आणि शेवटी पूल. "आज पुलावर एक साहेब आले. त्यांनी पत्र्याकडे बघितलं. पत्र्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग साहेब गेले." लोक अंगणात खुर्च्या टाकून ऐकायचे. पलीकडच्या काठावरूनही फोन यायचे.

माझंही 'चिंतन' रोज असायचं, आत्याच्या लगेच नंतर. एकदा ते आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलं आणि लोकांवर काय परिणाम होतो ते बघायला गल्लीतून फेरी मारली. आत्याचं संपलं. खिडकीखिडकीतून माझा आवाज आला, "मित्रहो, आज आपण…" आणि मी जसजसा पुढं जात होतो तसतशी एकेक खिडकी बंद होत गेली. खट. खट. खट. शेवटच्या घरात मात्र माझा आवाज चालूच राहिला. मला भरून आलं. आत डोकावलो, तर ते गृहस्थ खुर्चीतच झोपले होते.

असो. कलावंताला हे चुकत नाही.

मग एक दिवस पूल-साहेब आले. म्हणजे पुलाचं काम ज्यांच्याकडे होतं ते इंजिनिअर. अंगानं बारीक, बोलायला फार मृदू. स्टुडिओत उभ्या गाद्यांच्या मधे ते अंग चोरून बसले.

"तुमचं कार्य मोठं आहे," ते म्हणाले. "आमचं खातं अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या बाजूचंच आहे. फक्त पुलाचा विषय सोडून."

"पण आत्या…"

"आणि मांजराचा उल्लेख वरिष्ठांना खटकला." त्यांनी घसा साफ केला. "तुमची पाहणी जवळ आलीय ना? त्यावेळी आमच्या खात्याचं मतही विचारतात. मला वाईट मत द्यायला फार वाईट वाटेल."

मी सल्ला घ्यायला बाहेर पडलो. दंतवैद्य म्हणाले, "थोडा वेळ तो भाग बधिर करून टाका. पाहणी झाली की सूज उतरेल." गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक स्वर वर्ज्य केला तरी राग उभा राहतोच की." घरी येईपर्यंत माझं मन वळलं होतं. खरं सांगायचं तर ते आधीच वळलेलं होतं. त्या खट खट आवाजानंतर आत्याच्या कार्यक्रमात थोडी सुधारणा झाली तर मला दुःख होणार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आत्या, आजपासून आधी लिहून काढत जा. मी नुसती नजर टाकीन. शुद्धलेखनाची."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लिहून दिलं. मी लाल पेन्सिल काढली. मुद्रितं तपासणाऱ्याच्या हातात लाल पेन्सिल आली की तिला थांबवणं त्यालाही जमत नाही. पूल कापला. साहेब कापले. पत्रे कापले. समासात लिहिलं, 'येथे हवामानाविषयी काहीतरी घालणे.'

लाल दिवा लागला. आत्यानं चष्मा लावला आणि समोर ठेवलेलं जसंच्या तसं वाचलं.

"नमस्कार. गॅलरीतून आत्या बोलतेय. आज मला कालव्यावरचा लाल रेघ दिसला. त्या लाल रेघेवर आजही एकही लाल रेघ काम करताना दिसला नाही. सकाळी एक लाल रेघ आले, त्यांनी लाल रेघेकडे बघितलं आणि ते निघून गेले. मग एक… अगं बाई, मांजरालाही लाल रेघ? मांजरानं काय केलं? समासात लिहिलंय, 'येथे हवामानाविषयी काहीतरी घालणे.' हवामान बरं आहे. नमस्कार."

काचेपलीकडे वायरमन पोट धरून खाली बसला होता. बाहेर गल्लीत हसण्याची जी लाट उठली, ती गाद्या, रजया आणि उशा भेदून आत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाणी मला म्हणाला, "या, लाल रेघ! काय देऊ?" छापखान्यात जाताना शाळेतली पोरं एकमेकांना सांगत होती, "ए, तुझ्या लाल रेघेला वळसा घालून ये." पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं दिवसाढवळ्या पुलाच्या पत्र्यावर एक भलंमोठं मांजर रंगवलं. डोक्यावर हेल्मेट, हातात फावडं आणि तोंडावर आडवी लाल रेघ. बघायला ही गर्दी! गाणं शिकवणाऱ्या बाई सगळ्यात आघाडीवर. त्यांनी क्लाससाठी नवं गाणं बसवलं, त्यात 'पूल' यायचा तिथे तबला तेवढा वाजायचा आणि गाणाऱ्या गप्प राहायच्या. मग ऐकणारेच बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "पूल!" वर्ज्य स्वराबद्दल बोललेलं बाई साफ विसरल्या होत्या.

एवढा आनंदी, एवढा जागा झालेला मोहल्ला मी जन्मात पाहिला नव्हता. आणि त्या आनंदाचं कारण मी होतो, हे माझं दुर्दैव.

घरी आलो तो फणफणतच. "आत्या, तू माझं नाक कापलंस!"

"मी कशाला कापू? कापाकापी तूच करत होतास." ती गॅलरीत बसली होती, नजर पुलाकडे.

"परवाना गेला तर? सगळ्यांचंच बोलणं बंद होईल. कधीतरी थोडं सांभाळून घ्यावं लागतं."

"बाळ्या, तुझं कुणी ऐकत नाही म्हणून तू रेडिओ काढलास. मग मी दोन वाक्यं बोलले तर तुझ्या पोटात का दुखलं?"

मी काहीतरी उत्तर देणार होतो. पण बायको दारात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, त्यांची मैत्रीण पलीकडे राहते ना. पूल बंद झाल्यापासून भेट नाही दोघींची. दोघींच्याही गुडघ्यांना तेवढा वळसा झेपत नाही. त्या रेडिओवर बोलतात ते तिच्यासाठी. ती तिकडं ऐकत बसते."

आत्या पुलाकडेच बघत म्हणाली, "तिचं ऐकणं कमी झालंय. एकेक शब्द नीट सांगावा लागतो. तू रेघ मारतोस तिथं तिला वाटतं मीच गप्प झाले."

मी तिथे उभा राहिलो. पहिल्यांदाच असं झालं, की मला मधे कुणी तोडलं नाही आणि तरीही माझ्याकडे वाक्य नव्हतं.

पाहणीचा दिवस उजाडला. परवाना-साहेब आले. पाठोपाठ पूल-साहेब आले. दोघांना मी उभ्या गाद्यांना टेकून बसवलं. बायकोनं चहा दिला. बाहेर अंगणात गल्ली लोटली होती, रेडिओ हातात घेऊन. खरं तर स्टुडिओच्या इतकं जवळ रेडिओची गरज नव्हती, पण लोकांना तो धरायला आवडत होता.

ठरल्याप्रमाणे मी 'आदर्श नागरिक' या विषयावर बोलणार होतो. लाल दिवा लागला. मी माइकजवळ गेलो आणि म्हणालो, "नमस्कार. आज माझं चिंतन नाही. आत्या बोलेल. आज तिच्या हातात कागद नाही आणि माझ्या हातात पेन्सिल नाही."

बाहेर एकदम जल्लोष झाला. पूल-साहेब ताडकन उठले. "हे चालणार नाही! ही एकतर्फी बाजू आहे!"

आणि मला, आयुष्यात पहिल्यांदाच, योग्य वेळी योग्य गोष्ट सुचली. मी माझी खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "मग तुमची बाजू तुम्ही मांडा, साहेब. बसा इथं. तुमच्या बोलण्यावरही कुणी रेघ मारणार नाही."

ते लाल दिव्याकडे बघत बसले. आत्यानं चष्मा वर सरकवला. "साहेब, पूल बंद का आहे?"

"सदर कामासंदर्भात… उचित कार्यवाही… प्रगतिपथावर…"

"माझ्या मैत्रिणीला कमी ऐकू येतं. तिला कळेल असं सांगा."

पूल-साहेबांनी माइककडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, काचेपलीकडच्या गर्दीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. आणि मग, देवाशपथ सांगतो, तो माणूस फुटला.

"अहो, मला तरी कुठं माहितीय! लोखंडी पट्ट्या आल्यात! गोदामात पडून आहेत! मी स्वतः उतरवून घेतल्या. एक सही हवीय वरिष्ठांची, त्या हलवायला. मी रोज जातो, ते म्हणतात बघू. मी रोज वळसा घालून कामावर येतो, बाई! माझेही गुडघे दुखतात! आणि ते मांजर… ते मांजर मला खटकलं नव्हतं हो, मला आवडलं होतं!"

बाहेर टाळ्यांचा कडकडाट. पूल-साहेब थांबायला तयार नव्हते. पुलाच्या खांबांबद्दल बोलले, गंजाबद्दल बोलले, नोकरीत लागल्या लागल्या त्यांनी काढलेल्या एका सुंदर पुलाच्या चित्राबद्दल बोलले, जे कुणीच पाहिलं नव्हतं. आत्या मधूनमधून "हं" म्हणत होती. परवाना-साहेबांचा चहा हातातच थंड झाला.

फोन वाजला. मी उचलला. पलीकडे पूल-साहेबांचे वरिष्ठ होते आणि ते किंचाळत होते. "त्या माणसाला आधी बंद करा! तुमचं केंद्रही बंद करीन!"

आवाज कुठून आला कोण जाणे. "साहेब, आमचं केंद्र सगळ्यांसाठी खुलं आहे. उद्या याच वेळी तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो. अवश्य या."

फोन आपटल्याचा आवाज आला. मी मागे वळलो, तर बायको माझ्याकडे बघत होती. असं तिनं माझ्याकडे बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. पाय धुण्याचा विषयही काढला नाही.

वरिष्ठ काही आले नाहीत. पण पट्ट्या गोदामात आहेत हे आता दोन्ही काठांना माहीत झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं गोदामाच्या दाराशी जाऊन नुसती उभी राहिली. गाणं शिकवणाऱ्या बाई क्लास घेऊन गेल्या. सही झाली. पूल-साहेबांना कानउघाडणीचं पत्र मिळालं, ते त्यांनी 'गॅलरीतून'मध्ये स्वतः वाचून दाखवलं, भावनेनं, योग्य ठिकाणी थांबत. परवाना-साहेबांनी कायमचा परवाना दिला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "केंद्र उत्तम आहे. फक्त ते तुमचं चिंतन… म्हणजे बंधन असं काही नाही हं." मीही त्यांना सांगितलं की हे मत ते मोकळेपणानं रेडिओवर मांडू शकतात. त्यांनी मांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असो.

पूल तयार झाला त्या सकाळी पेंटरनं स्वतःच्या हातानं मांजराचा पत्रा सोडवला आणि तो आमच्या गॅलरीखाली लावला. वायरमननं स्टुडिओतून माइकची लांब वायर पुलापर्यंत आणली. आत्या काठी टेकत निघाली, बोलत बोलत. "पट्ट्या नव्या आहेत. कठड्याला हात लावला, गार आहे. खाली पाणी आहे. ऐकतेस ना गं? मी निघालेय."

मी वायर सोडत मागे चालत होतो. पुलाच्या मध्यावर वायर ताणली गेली. आणखी एक पाऊलही पुढं जाईना. आत्यानं क्षणभर माइककडे बघितलं, तो माझ्या हातात दिला आणि तशीच पुढं चालू लागली. बोलणं थांबलं नव्हतं, फक्त आता ते वाऱ्यावर जात होतं. पलीकडच्या टोकाला कठड्याला धरून एक म्हातारी बाई उभी होती. दुसरा हात कानामागे धरलेला.

दोन्ही काठांवरचे सगळे रेडिओ चालू होते आणि माइक माझ्या हातात होता. सगळे वाट बघत होते.

"आत्या पोचली," मी म्हणालो.

पुढंही बरंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण तिकडं त्या दोघी एकाच वेळी, एकमेकींचं मुळीच न ऐकता, इतक्या मोठमोठ्यानं बोलायला लागल्या होत्या, की मी माइकचं तोंड त्यांच्या दिशेनं केलं आणि हात लांब करून तसाच उभा राहिलो.